९७० सीसीची जुनी जिप्सी आणि लेह: यवतेश्वरला दुसरा गिअर लागतो, खर्दुंगला काय होईल?

यवतेश्वर_४१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वडिलांनी ठेवलेली जिप्सी आहे, जुनी ४१०, ९७० सीसी, कार्बोरेटरवाली, चार गिअर. कागदावर ४५ घोडे (हॉर्सपॉवर). त्यातले आता किती जिवंत आहेत ते देव जाणे. पासिंग रिन्यू आहे, ग्रीन टॅक्स भरलाय, इंजिनाचं काम तीन वर्षांपूर्वी झालंय, तेल पीत नाही. राजवाड्यावरून निघून यवतेश्वर घाट चढताना तिघं बसलो की दुसरा गिअर टाकावा लागतो, एका वळणावर तर कधीकधी पहिला. वर गेलं की कासपर्यंत मात्र मस्त जाते, बामणोलीला उतरून परत वर यायला पण कधी कुरकुर केली नाही.

आता मूळ मुद्दा. जुलैत मी, बायको आणि मेहुणा असे तिघं हीच गाडी घेऊन लेहला जायचं म्हणतोय. जाताना श्रीनगर, येताना मनाली. वडील म्हणतात तुझं डोकं फिरलंय, आई म्हणते विमानानं जा की, आणि पोवई नाक्यावरचा माझा मित्र म्हणतो लेहजवळच्या खर्दुंगला खिंडीत तुला आम्ही दोरी लावून ओढू. साडेसतरा हजार फुटांवर ४५ घोड्यांचं नक्की काय होतं? कोणी असल्या जुन्या, कमी ताकदीच्या फोर व्हीलनं खिंडी चढलंय का? खरं सांगा, मन मोठं करून ऐकतो.

कृष्णाकाठचा_वाघ

नाही जमणार. मी माझ्या टर्बो डिझेलनं गेलोय, तिला पण वर धाप लागत होती. जिप्सी चंदीगडपर्यंत ट्रेलरवर नेणार असाल तर वेगळं, नाहीतर सांगलीहून हसायला येतो आम्ही.

मिरजेचा_मिस्त्री

वाघसाहेब, हसायला नंतर या, आधी हिशोब करू.

हवेचा दाब उंचीनं कमी होतो आणि साधं, बिनटर्बोचं इंजिन तेवढीच हवा ओढतं जेवढी बाहेर असते. मोटामोटी हजार फुटाला तीन टक्के ताकद जाते असं धरतात. सातारा स्वतःच सव्वादोन-अडीच हजार फुटांवर आहे, म्हणजे तुमच्या गाडीला पूर्ण ४५ घोडे घरी पण कधी मिळालेले नाहीत. महाबळेश्वर साडेचार हजार. आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच टोक म्हणजे कळसूबाई, १,६४६ मीटर, तेवढ्या उंचीच्या आसपास श्रीनगर गाव वसलंय, म्हणजे आपलं जिथं संपतं तिथून त्यांचं सुरू. खर्दुंगला आणि तांगलांगला दोन्ही साडेसतरा हजारांच्या घरात, तिथं हवा आपल्या समुद्रकाठच्या निम्मी. तर ४५ चे २२-२३ राहिले. चाकापर्यंत पोचेस्तोवर १८ धरा.

आता गाडी, माणसं, सामान, पेट्रोल मिळून १,३०० किलो धरू. चढ ८ टक्के, रस्ता खराब. १८ घोड्यांत ही गाडी ताशी ३० च्या आसपास चढली पाहिजे. चढ ६ टक्के आणि रस्ता चांगला असेल तर ४५. आता मला सांगा, खर्दुंगला चढताना ३० च्या वर कोण जातंय? टर्बोवाले पण दगडधोंड्यातून १५ नं जातात.

म्हणजे ताकद पुरते. गाडी अडते ती गिअरपायी. वळणावर ट्रक समोर आला, थांबलात, परत उचलायला गेलात की पहिल्या गिअरला पण इंजिन गुदमरतं, कारण खालच्या आरपीएमला आधीच जोर कमी आणि त्यातला निम्मा हवेनं खाल्लाय. क्लच तिथं जळतो. तुमच्याकडं लो गिअर आहे (दुसऱ्या लिव्हरचा, वेग कमी करून जोर वाढवणारा), तो वापरायला शिका, बाकी बघू.

यवतेश्वर_४१०

मिस्त्री, हे वाचून दोन रात्रींनी शांत झोप लागली. पण लो म्हणजे फोर व्हील लो ना? डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकायचं नसतं असं ऐकलंय.

पाटणचा_जीपवाला

बरोबर ऐकलंय. माझी महिंद्राची ५४० जीप आहे, प्यूजोचं २.१ लिटर डिझेल, ६२ घोडे, कुंभार्ली घाट तिच्या पाठीवरचा तीळ आहे असं समजा. आपल्या असल्या गाड्यांना पुढच्या-मागच्या धुऱ्यांच्या मधे डिफरन्शिअल (दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं) नसतं, आणि वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात, मग डांबरावर ती घसरू शकत नाहीत आणि सगळा पीळ ट्रान्सफर केस (फोर व्हीलची गिअरपेटी) न् जॉइंटमधे साठतो. लिव्हर अडकतो, स्टिअरिंग जड होतं, एक दिवस काहीतरी तुटतं. माती, खडी, बर्फ असेल तर चाक जरा घसरून पीळ मोकळा होतो म्हणून तिथं चालतं.

पण गंमत ऐका. पुढच्या चाकांना हातानं फिरवायचे फ्री व्हील हब, म्हणजे चाक धुऱ्याला जोडायचे-सोडवायचे खटके, आहेत का? असतील तर हब फ्री ठेवा आणि लिव्हर लो मधे टाका. पुढचा शाफ्ट नुसताच फिरत राहतो, चाकांना काही जोडलेलं नसतं, म्हणजे तुम्हाला टू व्हील लो मिळाला! डांबरी चढ, घट्ट वळण, पुढं ट्रकांची रांग, बिनधास्त वापरा. फक्त जोर सगळा मागच्या धुऱ्यावर येतो एवढं ध्यानात ठेवा, क्लच आदळायचा नाही.

एक आहे, जिप्सीचा लो आमच्या जीपएवढा खोल नाही. आमचा जवळजवळ अडीचपट, तुमचा हायच्या दीडपटीच्या थोडा वर. पण तुमच्या हलक्या गाडीला तेवढा पण बास.

कृष्णाकाठचा_वाघ

एवढं सगळं करण्यापेक्षा भाड्यानं चांगली गाडी घ्या ना राव. हौसेला मोल नाही हे ठीक आहे पण बायको बरोबर आहे तुमच्या.

वाईची_सून

बायको बरोबर आहे म्हणून काय झालं वाघोबा, ती पसरणी घाटात गाडी ढकलणाऱ्यातली पण असेल!! आमच्या ह्यांची नवीकोरी गाडी होती, सगळी बटणं, सगळे मोड, आणि आम्ही बारालाचा खिंड ओलांडून सरचूहूनच परत आलो. गाडी ठणठणीत, ह्यांचंच डोकं असं ठणकायला लागलं की विचारू नका, उलट्या, रात्रभर बसून. मनालीहून दुसऱ्याच दिवशी सरचूला मुक्काम टाकला होता, १४ हजार फूट, शरीराला काही वेळच दिला नाही.

त्यामुळं यवतेश्वरदादा, जाताना श्रीनगरकडून जाताय हे शंभर टक्के बरोबर. झोजिला साडेअकरा हजार, मग उतार, मग नमिकाला, मग फोटुला साडेतेरा, हळूहळू चढवतो तो रस्ता. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसतं लोळायचं. डायमॉक्स वगैरे उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या आपल्या डॉक्टरला विचारूनच, व्हॉट्सअपवरून नाही.

अपशिंगेचा_फौजी

जय हिंद. उशिरा बघितला धागा. अपशिंगे मिलिटरीचा आहे, नाव ऐकलं असंल, घरटी एक माणूस फौजेत असणारं गाव. मी एएससीत (फौजेचं रसद-वाहतूक खातं) ड्रायव्हर होतो, लेह-खारू भागात दोन टेन्युअर काढले. जोंगा चालवली, शक्तिमान चालवला, आणि मग जिप्सी आली ती पण चालवली. तुम्ही ज्या खर्दुंगलाला भिताय तिथं आम्ही तीच जिप्सी, साहेब पुढं बसलेले, मागं सामान आणि वायरलेस सेट असं रोज नेत होतो. तवा गाडी चढंल का न्हाई ही काळजी सोडा.

काळजी करायची ती ह्याची.

पैली गोष्ट वेळ. सकाळी सहाला निघायचं म्हणजे सहाला. दुपारी बर्फ वितळला की नाले फुगतात, सकाळी घोट्याएवढं पाणी असतं ते तीन वाजता गुडघ्यावर येतं. झिंगझिंगबारच्या बाजूचे नाले दुपारी बघवत न्हाईत. पाण्यात गिअर बदलायचा न्हाई, मधे थांबायचं न्हाई, हब आधीच लॉक करून ठेवायचे. पाण्यात उतरून हब फिरवणारे पण बघितलेत मी.

दुसरी, कॉन्व्हॉय. पुढं ट्रक रांगेनं चढत असले की तुमची गाडी पैल्या गिअरात, पंखा हळू, हवा पातळ, गाडी तापणारच. थंडी हाय म्हणून तापत न्हाई ह्या भ्रमात राहू नका. साईडला जागा बघून थांबा, इंजिन चालू ठेवा, बॉनेट उघडा, ट्रकांना जरा पुढं जाऊ द्या. साडेसतरा हजारावर उघडं पाणी ८२-८३ अंशालाच उकळतं. रेडिएटरची टोपी दाब धरून ठेवती म्हणून गाडी चालती, ती टोपी जुनी असंल तर आधी बदला. आणि गरम गाडीची टोपी उघडायची न्हाई. एका पोराचा हात भाजलेला बघितलाय, अजून आठवतो.

तिसरी, उतार. सगळे चढाचीच चर्चा करतात.

चौथी, बरोबर काय घ्यायचं: दोन हात पेट्रोलचा रबरी पाइप, चांगला, आणि चार क्लिपा. फॅन बेल्ट. प्लगचा एक सेट. कॉइल. बाकी तंबू, खुर्च्या, गिटार सगळं घरी ठेवा, वजन म्हणजे घोडे.

मिरजेचा_मिस्त्री

फौजीकाका, सलाम. उताराचं काका बोलून गेले ते मी जरा सोडवून सांगतो कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं.

पेट्रोल गाडीचं इंजिन ब्रेकिंग कशावर चालतं? थ्रॉटल बंद असताना पिस्टन बंद दारातून हवा ओढायला झगडतो, त्या ओढीवर. बाहेरचा दाबच निम्मा असेल तर ती ओढ पण निम्मी. म्हणजे आपल्या घाटात तिसऱ्या गिअरात जी गाडी स्वतःला धरून ठेवते ती तिथं धरणार नाही. एक गिअर खाली उतरायचं, म्हणजे जिथं इथं तिसरा तिथं दुसरा. आणि ब्रेकला व्हॅक्युम बूस्टर असेल तर त्याची मदत पण त्याच कारणानं कमी, पेडल टणक लागतं, माणूस घाबरतो ब्रेक गेले म्हणून. गेलेले नसतात, जास्त जोर लावायचा. निघायच्या आधी ब्रेक ऑइल नवीन भरा, जुन्यात पाणी ओढलेलं असतं, लांब उतारावर ते उकळून वाफ झाली की पेडल खरंच खाली जातं.

आता कार्बोरेटर. हवा निम्मी होते पण जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) येणारं पेट्रोल तेवढं कमी होत नाही, म्हणून मिश्रण जाड होतं. काळा धूर, प्लग काळे, ॲव्हरेज गेलं, जोर गेला. इंजेक्शनवाल्या गाड्या सेन्सरवर बघून पेट्रोल कमी करतात, तुम्हाला हातानं करायचंय. मेन जेट एक-दोन नंबर लहान घेऊन जा, लेहला पोचल्यावर बदला. जेट तारेनं साफ करू नका, भोक मोठं होतं. आयडल स्क्रू जरा सेट करा. ठिणगीचं टायमिंग तीन-चार अंश पुढं घ्या, वर सिलिंडरमधला दाब कमी असतो, जळायला वेळ लागतो, आणि खडखड यायची भीती नसते. थर्मोस्टॅट काढून फेकू नका, कोणी कितीही सांगू दे.

आणि हे नीट वाचा: खाली उतरल्यावर जुने जेट परत घालायचे आणि टायमिंग परत मागं. विसरू नका. लहान जेट आणि पुढचं टायमिंग घेऊन सपाटीला पळवलीत तर गाडी मिश्रण पातळ म्हणून तापेल, ठोकेल, व्हॉल्व्ह जळेल.

पाटणचा_जीपवाला

जेटबिट सगळं पुस्तकी आहे राव. मी कुंझुमला १५ हजार फुटांवर काही न करता गेलोय.

मिरजेचा_मिस्त्री

तुमच्या डिझेलला कार्बोरेटर आहे का?

पाटणचा_जीपवाला

नाही. बरं बरं. पण धूर एवढा काळा होता की मागची बाईकवाली पोरं शिव्या देत होती हे मान्य.

मिरजेचा_मिस्त्री

तेच. पंप साताऱ्याच्या हवेला जेवढं डिझेल देतो तेवढंच वर पण देत होता, जाळायला हवा नव्हती, ते धुरातून बाहेर गेलं. पाय अर्धाच दाबला असता तर वेग तेवढाच राहिला असता आणि शिव्या वाचल्या असत्या.

एसटीचा_पास

कोणी दिल्लीचं बोललं नाही. १५ वर्षांवरचं पेट्रोल आणि १० वर्षांवरचं डिझेल, दिल्ली-एनसीआरमधे भानगड होऊ शकते. राजस्थानातून जा, उदयपूर, बिकानेर, भटिंडा, पठाणकोट, जम्मू. उन्हाळ्यात बिकानेरला भाजून निघाल पण गाडी जप्तीच्या यार्डात बघण्यापेक्षा बरं.

यवतेश्वर_४१०

सगळ्यांचे आभार. रूट तोच धरला. हब आहेत, हाताचे, पण दोन्ही गंजून जाम होते, रॉकेल आणि हातोडीनं मोकळे केले.

मिस्त्रींना मी फोनवर विचारलं की इथंच काही ट्रायल घेता येईल का, तर त्यांनी एक अफलातून आयडिया दिली. ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली लाकडी ठोकळा ठेव, अर्ध्याच्या खाली जाऊच नये असा, आणि चढव यवतेश्वर. (मिस्त्री म्हणाले ही काही लॅब टेस्ट नाही, खालच्या आरपीएमला अर्धं पेडल म्हणजे अर्धी ताकद असं नसतं, पण पायाला अंदाज येतो.) सुताराकडून दोन इंचाचा तुकडा आणला, मेहुण्याला मागं बसवलं, वाळूची दोन पोती टाकली, रविवारी सकाळी साडेपाचला.

काय सांगू. हाय दुसऱ्यात गाडी नुसती कण्हत होती, २० च्या खाली गेली की धडधड. पहिल्यात टाकली की चढते पण वळणावर थांबवून परत उचलताना क्लचचा वास. मग हब फ्री, लिव्हर लो, आणि लो दुसऱ्यात अशी गेली म्हणता, १५-२० नं, आवाज मोठा पण चेहऱ्यावर घाम नाही. कासला जाणारे एक-दोघं हॉर्न मारून गेले. मेहुणा म्हणाला दाजी, ह्या स्पीडनं लेहला दिवाळी होईल. त्याला म्हटलं फराळ तुझ्या ताईच्या हातचा आहेच की.

एवढं झाल्यावर वडील गप्प बसले. आमच्याकडं त्याचा अर्थ परवानगी असा होतो.

अपशिंगेचा_फौजी

शाब्बास. पाइप घेतला का?

यवतेश्वर_४१०

घेतला काका. दोन हात, क्लिपा सहा.

वाईची_सून

दादा, महिना झाला, काही खबर? ताईंना तरी लिहायला सांगा.

यवतेश्वर_४१०

परवा रात्री आलो. आज जरा बसून लिहितो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

जम्मूपर्यंतचं काही सांगत नाही, पाच दिवस, ६०-७० चा स्पीड, बिकानेरच्या अलीकडं डोक्यावर ओले टॉवेल. झोजिलाला चिखल होता, तिथं पहिल्यांदा हब लॉक करून खरं फोर व्हील वापरलं, आणि पुढची एक मोठी गाडी चाक फिरवत जागेवर उभी असताना आपली ९७० सीसी टुकुटुकु बाजूनं गेली. वाघोबा, तुमची आठवण काढली. फोटुलापर्यंत जेट न बदलता गेलो, धूर होता पण दम होता.

लेहला दोन दिवस लोळलो (वहिनी, तुमचं ऐकलं), तिसऱ्या दिवशी मुद्दाम जेट न बदलताच खर्दुंगला काढली, म्हटलं बघू तर फरक. चूक. साउथ पुल्लूपर्यंत डांबर चांगलं, दुसऱ्या-पहिल्यात गेली. पुढं खडबडीत रस्ता सुरू झाला आणि एका वळणावर समोरून टँकर, थांबलो, परत उचलायला गेलो तर इंजिन बंद. परत स्टार्ट, परत बंद. मागं चार गाड्या, हॉर्न. लो पहिल्यात टाकून उचलली तर निघाली, पण असा काळा धूर की मेहुणा मागच्या लोकांना हात जोडत होता. तिथूनच यू टर्न मारला. १६ हजारांच्या वर कुठंतरी होतो, खिंड डोळ्यासमोर दिसत होती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी लेहच्या एका छोट्या गॅरेजात जागा मागून जेट बदलले, प्लग काढले तर काजळी अशी की पंढरपूरच्या बुक्क्यासारखी. टायमिंग पुढं घेतलं. दुसऱ्या दिवशी सहाला निघालो. आणि काय फरक पडला! तेच वळण, तीच गाडी, लो दुसऱ्यात आवाज न बदलता वर. खिंडीत पाटीवर उंची खऱ्यापेक्षा जास्त लिहिलीय, खरी १७,५८२ फूट, पण फोटो पाटीबरोबरच काढायचा असतो. पंधरा मिनिटांत खाली निघालो, डोकं जड व्हायला लागलं होतं.

परतीला खारूला टाकी फुल केली. तिथून तांडीपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढं पंप नाही. माझी टाकी ४० लिटर आणि वर ॲव्हरेज ९ च्या आसपास, म्हणजे काठावर, म्हणून दोन लोखंडी कॅन भरून बांधून घेतले, झाकण सैल न ठेवता. प्लास्टिकचे कॅन वर चढताना फुगतात असं ऐकलं होतं ते एकाच्या गाडीवर बघितलं पण, फुटबॉल झाला होता.

तांगलांगला रुमत्सेकडून चढ लांबलचक आहे, पण रस्ता असा गुळगुळीत की हाय पहिला-दुसरा पुरला. ज्या खिंडीची मला सगळ्यात भीती होती ती सगळ्यात सोपी गेली. मोरे मैदानात तर ७० नं पळवली, चार हजार सातशे मीटरवर सपाट रस्ता, खुळ्यासारखं हसत होतो तिघं.

आणि मग पांगला जेवून निघालो तर दोनशे मीटरवर गाडी बंद. स्टार्ट होते, दहा सेकंद चालते, बंद. दुपारचं ऊन, गाडी गरम उभी होती. मी लगेच ओळखलं, व्हेपर लॉक, कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं, पंपात वाफ धरते. फडकं ओलं करून पंपावर गुंडाळलं, अर्धा तास बसलो. चालू झाली. एक किलोमीटर, बंद. परत फडकं. असं चार वेळा. मोबाइलला रेंज नाही. मेहुणा म्हणाला दाजी, व्हेपर लॉक असेल तर गार झाल्यावर नीट चालायला पाहिजे ना, ही गार असताना पण बंद पडतेय. पोरगं बी.कॉम. आहे पण बोलला ते बरोबर.

टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप हातानं चाचपत गेलो. चेसिसजवळ जिथं वळतो तिथं बारीक चीर. पेट्रोल गळत नव्हतं म्हणून लक्षात येत नव्हतं, पंप ओढायला लागला की त्या चिरेतून हवा आत येत होती. गेल्या वर्षी स्वस्तातला मिळाला म्हणून मीच घातलेला पाइप, बिल सुद्धा मागितलं नव्हतं. फौजीकाका, तुमच्या दोन हातांतला एक हात तिथं लागला. वीस मिनिटांचं काम. पुढं एकदा पण बंद पडली नाही.

गाटा लूप्स, एकवीस वळणं, आम्ही उतरत होतो. दुसऱ्या गिअरात पण गाडी पळत होती, मिस्त्रींनी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही, लो टाकला आणि ब्रेक फक्त वळणापुरता. एका जागी एक गाडी चाकातून धूर काढत उभी होती, खाली पाणी ओतत होते. त्यांना ओतू नका, गार होऊ द्या म्हणून सांगितलं, ऐकलं की नाही माहीत नाही.

बारालाचाचे नाले सकाळी नऊच्या आत पार. रोहतांगच्या परमिटच्या भानगडीत पडलो नाही, अटल बोगद्यातून आलो, नऊ किलोमीटर, दहा मिनिटांत पलीकडं. बायको म्हणाली हे जरा चीटिंग वाटतंय. मनालीहून खाली मात्र पळवत आणली, सुट्टी संपत आली होती.

अपशिंगेचा_फौजी

वा. पाइपचं वाचून बरं वाटलं. आमच्या उस्तादनं मला सांगितलेलं ते, माझं काही न्हाई त्यात.

कृष्णाकाठचा_वाघ

मानलं. जेवण माझ्याकडून. पण झोजिलाला बाजूनं गेलात ती गाडी माझ्या कंपनीची नव्हती ना एवढं सांगा.

यवतेश्वर_४१०

सांगत नाही!

एक शंका आहे मात्र. परवा खंबाटकी चढताना इंजिनातून खडखड असा आवाज आला, डब्यात खडे हलवल्यासारखा, आणि तापमानाचा काटा पण नेहमीपेक्षा वर. एवढ्या लांबून आली म्हणून दमली असेल का?

मिरजेचा_मिस्त्री

जेट परत बदलले का?

यवतेश्वर_४१०

...

मिरजेचा_मिस्त्री

टायमिंग?

यवतेश्वर_४१०

टायमिंग मनालीत मागं घेतलं होतं, थोडं. जेट डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत अजून, बडीशेपच्या पुडीत.

मिरजेचा_मिस्त्री

म्हणजे मनाली ते सातारा दोन हजार किलोमीटर लहान जेटवर, पळवत. गाडी आहे तिथं उभी ठेवा, चावी वडिलांकडं द्या. आज संध्याकाळी जुने जेट घाला, तेवढं तुम्हाला येतं आता. मग रविवारी ५० च्या वर न जाता मिरजेला या, कॉम्प्रेशन बघू, व्हॉल्व्ह वाचलाय का कळेल. येताना कंदी पेढे आणा, अर्धा किलो, आणि मेहुण्याला पण आणा.